लोरा नोड झोपेतही १.९ एमए (मिलिअँप) खातोय

रिकामा_सेल: लोरा, म्हणजे लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओने माहिती पाठवणारा सेन्सर नोड. ३.३ व्होल्टचा प्रो मिनी (कंट्रोलर बोर्ड), एसएक्स१२७६ रेडिओ मॉड्यूल, बीएमई२८० हवामान सेन्सर. दर १० मिनिटांनी २० बाइट, एसएफ१२ वर (स्प्रेडिंग फॅक्टर: जितका मोठा तितका पल्ला जास्त, पण पाठवणं हळू), १७ डीबीएम पॉवरने. २५०० एमएएचचा १८६५० सेल थेट रॉ पिनला (रेग्युलेटरच्या आधीची), व्होल्टेज बघायला १० के + १० के ओहमच्या दोन रोधांचा डिव्हायडर. पॉवर एलईडी उपटलाय, कंट्रोलर पॉवर-डाउनला जातोय, तरी १.९ एमए. म्हणजे सेल दोन महिनेही पुरणार नाही. कंट्रोलर बदलू का?

गळका_कपॅसिटर: कंट्रोलर निर्दोष आहे. एसएक्स१२७६ स्टँडबायमध्ये १.६ एमए घेतो, स्लीपमध्ये ०.२ मायक्रोअँप. पॅकेट गेलं की तो स्टँडबायवर येऊन थांबतो, पुढे झोपवायचं तुम्ही. डिव्हायडरचे ३.८ व्होल्टला १९० मायक्रोअँप, उरलेले शंभरेक बोर्डावरच्या रेग्युलेटरचे. जुळला हिशोब.

डिव्हायडर १ मेग + १ मेग करा, पण मधल्या टोकापासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरड लावा, नाहीतर एडीसी (कंट्रोलरमधला व्होल्टेज मोजणारा भाग) चुकीचं वाचेल. रेग्युलेटर काढून ३.३ व्होल्टचा एमसीपी१७०० बसवा, तो स्वतः १.६ मायक्रोअँपच खातो. झोपण्याआधी एडीसी आणि ब्राउन-आउट (व्होल्टेज घसरलं की रीसेट करणारा पहारा) बंद. वॉचडॉगचे (ठरल्या वेळी जागं करणाऱ्या टायमरचे) ४-५ मायक्रोअँप मात्र सोसावे लागतील.

झिरो_ओहम: एवढी कटकट कशाला? रेडिओचा सप्लायच पी-चॅनल मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) तोडा.

गळका_कपॅसिटर: तोडला तरी एसपीआयच्या (कंट्रोलर-रेडिओ जोडणीच्या) पिना हाय असतील, तर त्याच वाटेने, चिपमधल्या संरक्षक डायोडांतून, रेडिओला करंट मिळत राहतो. धड बंद नाही, धड चालू नाही. आधी सगळ्या पिना लो कराव्या लागतात. ०.२ मायक्रोअँप वाचवायला हा खटाटोप नको. उलट मॉसफेट न घालता एनएसएसला (रेडिओ निवडणाऱ्या पिनला) १०० के चा पुल-अप द्या, म्हणजे रीसेटच्या वेळी ती पिन तरंगणार नाही.

मोजतानाही जपा. मीटरच्या मायक्रोअँप रेंजमध्ये आतला शंट (करंट मोजायचा रोध) मोठा असतो. नोड जागा होऊन पाठवायला लागला की शंटवरच व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रीसेट होतो. मीटरच्या दोन्ही टोकांत जंपर ठेवा, नोड झोपल्यावरच काढा.

रिकामा_सेल: स्लीप कमांड घातली, ०.२९ एमए. डिव्हायडर बदलला, ०.१०. रेग्युलेटर बदलल्यावर ९ मायक्रोअँप! आता सेल वर्षानुवर्षं चालेल ना?

गळका_कपॅसिटर: एसएफ१२ ठेवलात तर नाही. १२५ किलोहर्ट्झला २० बाइटचं पॅकेट १.३ सेकंद हवेत असतं. साधारण ९० एमए गुणिले १.३, भागिले ६०० सेकंद: सरासरी १९५ मायक्रोअँप, झोपेच्या वीसपट. एसएफ७ वर तेच पॅकेट ५७ मिलिसेकंदांत जातं, सरासरी ८-९. पण एसएफची एकेक पायरी उतरताना संवेदनशीलता अडीचेक डीबीने घटते. तेव्हा गेटवेवर (पॅकेट घेणाऱ्या टोकाला) आरएसएसआय (सिग्नलची ताकद) आणि एसएनआर (सिग्नल-गोंगाट गुणोत्तर) बघत एकेक पायरी उतरा, पॅकेटं गळायला लागली की एक पायरी वर या.