इंडियन डर्बी आणि सहा मित्रांचा सामाईक गल्ला: घोडा कसा पारखायचा, पैसे कसे लावायचे?

कोथरूडचे_सहा

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही सहा मित्र इंडियन डर्बीच्या रेसला मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर जाणार आहोत. रेसकार्ड वाचता येतं, रोजच्या रेसेस थोड्याफार कळतात, पण डर्बीचा अंदाज कसा बांधायचा यावर आमच्यात एकमत नाही. दोघांचं म्हणणं, ज्याचं रेटिंग (क्लबनं दिलेला दर्जाचा आकडा) सर्वांत वर तो घोडा लावा आणि मोकळे व्हा. एकाचा सगळा भर सकाळच्या गॅलपवर, म्हणजे सरावाच्या दौडीवर. प्रत्येकी २,००० काढून १२,००० चा गल्ला करायचा विचार आहे. रेटिंग, वजन आणि अंतर यांचा हिशोब नेमका कसा मांडायचा? आणि सहा जणांची सहा मतं असताना पैसे कसे वाटायचे? टनालावरही (पहिले तीन घोडे क्रमानं ओळखायची बेट) दोघांचा डोळा आहे.

फर्लाँग

आधी हे पक्कं करा की डर्बी ही हँडिकॅप रेस नाही. रोजच्या हँडिकॅपमध्ये रेटिंगच्या एका पॉइंटला अर्धा किलो या हिशोबानं वजन चढतं. क्लास फोरमध्ये, म्हणजे २० ते ४६ रेटिंगमध्ये, सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या घोड्यात १३ किलोंचा फरक पडू शकतो. सगळे घोडे एकदम पोस्टवर (शेवटच्या खांबापाशी) यावेत, हाच हँडिकॅपरचा, म्हणजे वजन ठरवणाऱ्याचा प्रयत्न. डर्बीत चार वर्षांचे घोडे, २,४०० मीटर, कोल्टला (तरुण नर) ५७ किलो आणि फिलीला (तरुण मादी) दीड किलोची सूट, एवढंच. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जादा शिसं, म्हणजे वजन, कुणी टाकत नाही. त्यामुळे इथे दर्जा उघडा पडतो आणि फेव्हरिटचा (ज्याच्यावर सर्वांत जास्त पैसे लागतात त्याचा) भावही आधीच उतरलेला असतो.

म्हणूनच मागच्या रेसेसचा वजनासकट हिशोब स्वतः मांडा. ढोबळ प्रमाण असं धरतात: १,२०० मीटरला एक लेंग्थ (एका घोड्याच्या लांबीएवढं अंतर) म्हणजे सव्वा किलोच्या आसपास, १,६०० ला ९०० ग्रॅम, २,४०० ला ७०० ग्रॅम. समजा १,६०० च्या रेसमध्ये एक फिली एका कोल्टकडून तीन लेंग्थनं हरली आणि तिच्यावर दोन किलो कमी होते. तीन लेंग्थचे २.७ किलो अधिक आधीचे २, म्हणजे कोल्ट ४.७ किलोंनी सरस, रेटिंगच्या भाषेत नऊ-साडेनऊ पॉइंट. डर्बीत तिला दीडच किलो मिळणार. उरले ३.२ किलो, आणि २,४०० मीटरवर ते साडेचार लेंग्थ होतात. कागदावर तीन लेंग्थचं अंतर दिसतं, प्रत्यक्षात घोडी त्याहून मागे आहे. कार्डावरचा नुसता नंबर बघून हे कळत नाही.

मात्र हे गणित 'दोघांनाही अंतर सारखंच झेपेल' या गृहीतावर उभं आहे, आणि डर्बीत नेमकं तेच डळमळतं. डिसेंबरमधल्या गिनीज नावाच्या रेसेस १,६०० मीटरच्या. तिथून दोन महिन्यांत घोड्याला ८०० मीटर जास्त पळायचं असतं. गिनीजचा व्हिडिओ काढा आणि शेवटचे २०० मीटर पुन्हा पुन्हा बघा. जिंकणारा पोस्टजवळ अंतर वाढवत होता की मागचे त्याला गाठत होते? पोस्टनंतर जॉकीनं लगाम सोडल्यावर कोण पुढे निघून गेलं? तिसरा-चौथा येऊन पोस्टनंतर सगळ्यांना मागे टाकणारा घोडा डर्बीसाठी टिपून ठेवा. आईच्या बाजूची पेडिग्रीही बघा. आईनं किंवा तिच्या आधीच्या पिलांनी २,००० मीटरपलीकडे काही केलेलं नसेल, तर फेव्हरिटवरही शंका घ्यायला जागा आहे.

फिलींना सरसकट खोडू नका. १९४३ ची पहिली डर्बी प्रिन्सेस ब्युटिफुलनं जिंकली आणि २०१० ची जॅकलिननं, दोघीही फिली. फक्त त्या फिलीनं कोल्टांशी आधी टक्कर घेतलेली असावी. निव्वळ फिलींच्या रेसमधल्या मोठ्या मार्जिनवर माझा फारसा विश्वास नाही.

आणखी एक मुद्दा बहुतेक जण सोडून देतात, तो म्हणजे बाहेरून पळण्याची किंमत. २,४०० मीटर म्हणजे महालक्ष्मीवर अख्खी चक्कर. दोन्ही वळणं मिळून घोडा रेलपासून (आतल्या कठड्यापासून) एक मीटर जास्त बाहेर राहिला, तर सव्वासहा मीटर जादा पळतो. एक लेंग्थ साधारण २.४ मीटरची, म्हणजे अडीच लेंग्थ गेल्या. तीन घोड्यांच्या बाहेरून वळण घेत चौथा आलेला घोडा आणि रेल धरून तिसरा आलेला घोडा यांत मी पहिल्याला वर ठेवीन. बाहेरचा ड्रॉ (सुटताना मिळालेली बाहेरची जागा) १,२०० सारखा इथे लगेच मारत नाही, कारण आत यायला वेळ मिळतो. पण मोठ्या फील्डमध्ये, म्हणजे घोडे जास्त असताना, जॉकीला पहिल्या वळणाआधी आत जागा मिळाली नाही, तर हीच किंमत मोजावी लागते.

शेवटी पेस, म्हणजे रेसची गती. पुढे पळणारे घोडे किती ते मोजा. एकच असेल तर तो रेस आपल्या मनासारखी चालवतो, सगळं शेवटच्या ६०० मीटरवर येतं आणि मागून येणारा दमदार घोडा अडकतो. तीन-चार असतील तर उलट. एकाच ट्रेनरचे दोन-तीन घोडे असतील, तर त्यातला एखादा पेस लावायला सोडलेला असू शकतो. स्टेबलच्या मुख्य जॉकीनं कोणता घोडा घेतला ते बघा.

टोट_खिडकी

फर्लाँग यांनी घोड्यांचं सांगितलं, मी पैशाचं सांगतो. पहिली गोष्ट कायद्याची. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात घोड्यांच्या रेसला जी सूट आहे, ती रेसच्या दिवशी रेसकोर्सच्या आवारात, टोटवर (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणारी क्लबची खिडकी) किंवा परवानाधारक बुकीकडे लावलेल्या पैशांपुरती. घरी बसून आपसात पैशांच्या पैजा लावणं त्यात बसत नाही. तेव्हा मित्रामित्रांतली चुरस पॉइंटवर ठेवा आणि पैसा फक्त खिडकीवर लावा. शर्यत सुरू होण्याच्या एक तास आधी प्रत्येकानं एका चिठ्ठीवर पहिले तीन घोडे आणि जिंकण्याचं अंतर लिहून द्यायचं. विनर बरोबर आला तर ५ पॉइंट, दुसरा ३, तिसरा २. बरोबरी झाली तर अंतर ज्याचं जवळचं तो वर.

सामाईक गल्ल्याचा घात हमखास एकाच कारणानं होतो: प्रत्येकाला आपला घोडा लावलेला हवा असतो. ५ घोड्यांवर २००-२०० विन (पहिला येण्यावर) लावलेत आणि ६/४ चा (४ ला ६ नफा) फेव्हरिट आला, तर १,००० लावून हातात ५०० येतात. घोडा बरोबर येऊनही गल्ला निम्मा. म्हणून मतं गोळा करा, पण पैसे लावण्याआधी ती टक्क्यांत बदला. प्रत्येकानं सगळ्या घोड्यांना मिळून १०० टक्के वाटायचे, मग सहा जणांची सरासरी काढायची. ही तुमची स्वतःची भावाची पाटी.

आता बुकीचा बोर्ड बघा. ६/४ म्हणजे ४० टक्के, ३/१ म्हणजे २५, ५/१ म्हणजे १६.७, ८/१ म्हणजे ११.१, १०/१ म्हणजे ९.१ आणि २०/१ चे तीन घोडे मिळून १४.३. बेरीज ११६ च्या वर गेली. वरचे १६ बुकीचे. तुमचा टक्का बोर्डापेक्षा ठळकपणे जास्त असेल, त्याच घोड्यावर पैसे लावा. असे घोडे एक किंवा दोनच निघतात. एकही निघाला नाही, तर डर्बी नुसती बघायची.

'ठळकपणे' का म्हणालो, तर कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेसवरचा जीएसटी ४० टक्के झाला आहे, आणि तो नफ्यावर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर आहे. खिडकीवर १०० च्या बेटसाठी प्रत्यक्षात खिशातून किती गेले ते बघा. १४० गेले, तर ५/१ च्या घोड्यावर मिळणाऱ्या ६०० साठी जिंकण्याची शक्यता १६.७ नव्हे, २३.३ टक्के लागते. ६/४ च्या फेव्हरिटवर २५० मिळवायला १४० घातलेत, म्हणजे ५६ टक्के लागली. आखूड भावाचा घोडा लावणं आता फारच महाग पडतं.

बुकीकडे चिठ्ठी फाडली त्या क्षणाचा भाव तुमचा. टोटवर मात्र डिव्हिडंड (तिकिटामागे मिळणारी रक्कम) पैसे घेणं बंद झाल्यावरच ठरतो. स्क्रीनवर दिसणारा आकडा शेवटच्या पाच मिनिटांत निम्मा होऊ शकतो. डर्बीच्या दिवशी खिडक्यांवर गर्दी फार असते, त्यामुळे टोटचं काम पंचवीस मिनिटं आधीच उरका. चौकशी किंवा ऑब्जेक्शन (निकालावर हरकत) लागलं, तर निकाल कायम होईपर्यंत एकही तिकीट फेकायचं नाही.

कोथरूडचे_सहा

फार उपयोगी, धन्यवाद. दोन शंका उरल्या. बेंगळुरू-हैदराबादहून येणाऱ्या घोड्यांचं रेटिंग आपल्याकडच्या रेटिंगशी ताडता येईल का? आणि गॅलपचे आकडे किती मनावर घ्यायचे?

पॅडॉकपाशी

रेटिंग थेट ताडू नका. प्रत्येक टर्फ क्लबचा हँडिकॅपर वेगळा, तिथली फील्डही वेगळी. दोन्हीकडे पळालेला एखादा घोडा शोधा आणि त्याच्यावरून दोन्हीकडचा दुवा जोडा. तो बाहेरच्या घोड्याकडून तिथे किती लेंग्थनं हरला, मुंबईत आपल्या घोड्याकडून किती लेंग्थनं हरला, हे फर्लाँग यांच्या पद्धतीनं किलोत बदला. असे दोन-तीन दुवे मिळाले तरच विश्वास ठेवा, कारण एका दुव्यात चूक सहज लपते.

पेपरात गॅलप असे येतात: १२००/१-२०, ६००/३८, पुढे 'मूव्हड वेल' किंवा 'प्लीज्ड'. म्हणजे १,२०० मीटर एक मिनिट वीस सेकंदांत, त्यातले शेवटचे ६०० अडतीस सेकंदांत. हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. वर जॉकी होता की रायडिंग बॉय, घोडा वाळूवर पळाला की गवतावर, सोबत कोण होतं आणि शेवटी कोण कुणाला ढकलत होतं, हे सोबत हवं. डर्बीसाठी ६०० मीटर ३६ सेकंदांत मारण्यापेक्षा लांब कामात शेवटपर्यंत एकसारखी गती धरणं जास्त बोलकं असतं. त्याच घोड्याचे मागच्या चांगल्या रेसआधीचे गॅलप काढा आणि त्यांच्याशीच तुलना करा. आदल्या तीन आठवड्यांत काम मध्येच तुटलेलं दिसलं, तर ताप किंवा पायाची कुरकुर असू शकते.

पॅडॉकमध्ये (रेसआधी घोडे फिरवतात तिथे) मानेवर थोडा घाम असेल तर मुंबईच्या दुपारी चालायचंच. मागच्या दोन पायांमध्ये पांढरा फेस आणि घोडा आडवा-तिडवा चालतोय, हे मात्र २,४०० साठी वाईट. दम तिथेच संपत असतो. पहिल्यांदाच ब्लिंकर (डोळ्यांच्या बाजूची झापडं) लावलेला घोडा दिसला तर जपून. ब्लिंकरनं घोडा आधीच पेटतो आणि लांब अंतरावर शेवटी रिकामा होतो. नाल पोलादी आहे की ॲल्युमिनियमची, तेही कार्डावर बघा. मागच्या रेसपेक्षा बदल असेल तर टिपून ठेवा. पेनेट्रोमीटरचं (ट्रॅक किती मऊ ते मोजणारं साधन) रीडिंगही बघून घ्या, कारण ट्रॅक मऊ असेल तर वेळेचे सगळे आकडे ढिले पडतात.

टोट_खिडकी

टनालाचं राहिलं. पहिले तीन घोडे नेमक्या क्रमानं सांगायचे. चार घोडे उलटसुलट घेतले तर २४ कॉम्बिनेशन, पाच घेतले तर ६०. दहाच्या तिकिटानं ६०० रुपये, वर कर. त्याऐवजी विनर एकच पक्का धरा आणि दुसऱ्या-तिसऱ्या जागेसाठी चार घोडे घ्या, म्हणजे १२ कॉम्बिनेशनमध्ये काम होतं. विनरबद्दल खात्री नसेल तर क्विनेला (पहिले दोन घोडे ओळखायचे) बघा; क्रम लागत नाही, आणि चार घोड्यांच्या सहाच जोड्या होतात. जॅकपॉटला सलग पाच रेसचे विनर लागतात. २, २, ३, १, ३ असे घोडे घेतले तर ३६ कॉम्बिनेशन. एखाद्या रेसमध्ये एकच घोडा धरता आला तरच त्यात हात घाला.

१२,००० पैकी डर्बीवर कर धरून ५,००० पेक्षा जास्त जाऊ देऊ नका. त्यातले ३,५०० विनवर आणि बाकीचे टनाला किंवा क्विनेलावर. उरलेले दिवसभराच्या इतर रेसेसना, आणि हरलेली रक्कम भरून काढायला पुढच्या रेसचा आकडा वाढवायचा नाही हे निघण्याआधीच ठरवून ठेवा. गल्ला एकाच्याच हातात द्या. त्यानं प्रत्येक तिकिटाचा मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. एका तिकिटावर १०,००० च्या वर जिंकलात तर ३० टक्के टीडीएस कापला जातो, आणि तो पैसे घेणाऱ्याच्या पॅनवर दिसतो. दिवसभरातल्या बाकीच्या हरलेल्या बेट त्यातून वजा होत नाहीत. म्हणून वाटणी कापून आलेल्या रकमेची करा, आणि तिकीट कोण वटवणार ते सकाळीच ठरवा.