तंबू, गाडी आणि लेक सुपिरियर: आठवड्याचा बेत जमवायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं शिकागोला राहतो. जुलैच्या शेवटी दोघांनाही एकदम सुट्टी मिळाली आहे (असा योग पुन्हा कधी, देव जाणे), तर मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात (राज्याचा उत्तरेचा, लेक सुपिरियरला लागून असलेला भाग) आपल्याच गाडीने, तंबू घेऊन जायचं ठरलंय. तंबूचा आमचा अनुभव म्हणाल तर विस्कॉन्सिनातलं डेव्हिल्स लेक, तेही शनिवार-रविवार.

नवऱ्याने आखलेला मार्ग असा: आधी थेट पोर्क्युपाइन माउंटन्स, तिथून पूर्वेला म्युनिसिंग आणि पिक्चर्ड रॉक्स (सुपिरियरकाठचे रंगीत कडे), मग टाक्वामेनन धबधबा, मॅकिनॉ पूल ओलांडून स्लीपिंग बेअर ड्यून्स, आणि लेक मिशिगनला वळसा घालून घरी. नकाशावर फार देखणं दिसतंय. प्रत्यक्षात रोज संध्याकाळी तंबू ठोकायचा आणि सकाळी ओलाच गुंडाळायचा. मला एका जागी दोन-तीन रात्री निवांत काढायच्या आहेत, खुर्ची पाण्याकडे तोंड करून. या मुद्द्यावर घरात शीतयुद्ध चालू आहे, म्हणून त्रयस्थांचं मत हवंय.

यातलं काय गाळावं? पिक्चर्ड रॉक्सला गाडी लावून उतरता येईल अशी कॅम्पची जागा कोणती चांगली? डासांचं कितपत मनावर घ्यायचं? आणि अस्वलं. आमचा स्वयंपाक म्हणजे मेतकूट-भात, लसणाची चटणी, फोडणी. वासाने पाहुणे येतील का? नवरा हसतोय, पण मी खरंच विचारतेय.

प्रतिसाद १

पोर्कीज, म्हणजे पोर्क्युपाइन माउंटन्स, गाळा. तिथलं हेमलॉकचं जुनं जंगल आणि लेक ऑफ द क्लाउड्स अप्रतिमच आहे, पण ते पश्चिमेच्या टोकाला. त्यासाठी वेगळी सुट्टी काढा. तुम्ही ग्रीन बे, एस्कनाबा करत म्युनिसिंगला जा. वाटेत मॅनिस्टीकजवळ किच-इटी-किपी झरा लागतो, तो चुकवू नका. सुमारे ४० फूट खोल, तळाची वाळू उकळल्यासारखी हलताना वरून स्वच्छ दिसते. तराफा आपणच चाक फिरवून पलीकडे न्यायचा. नवऱ्याला कामाला लावायला उत्तम.

पिक्चर्ड रॉक्सला ट्वेल्व्हमाइल बीच किंवा हरिकेन रिव्हर. दोन्हीकडे गाडी जागेपर्यंत जाते. वीज नाही, शॉवर नाही. हरिकेन रिव्हरहून किनाऱ्याने दीड मैल चाललं की ऑ सेबल दीपगृह येतं, १८७४ सालचं. वाटेत फुटलेल्या जहाजांची लाकडं वाळूत रुतलेली दिसतात. आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्हवर, आणि ते आजच बघा! न मिळाल्यास हायावाथा नॅशनल फॉरेस्टमधले कॅम्प शोधा, तिथली छोटी तळी तुमच्या खुर्चीला जास्त मानवतील. शिवाय सुपिरियरचं पाणी जुलैतही गारठवतं, तळ्यात निदान पोहता तरी येईल.

म्युनिसिंगला घड्याळ एक तास पुढे जातं, निघताना तो तास धरा. उशीर झालाच तरी नऊनंतरही उजेड असतो, तंबू चाचपडत लावावा लागणार नाही.

प्रतिसाद २

डासांपेक्षा माश्या! काळ्या माश्यांचा जोर तोवर ओसरलेला असतो, पण दक्षिणेचा वारा सुटला की सुपिरियरच्या किनाऱ्यावर घरमाशीसारख्या दिसणाऱ्या चावऱ्या माश्या येतात आणि घोट्यांचा फडशा पाडतात. फवारे त्यांच्यापुढे फारसे चालत नाहीत. लांब पँट, जाड मोजे. त्या दिवशी किनारा सोडून धबधब्याकडे पळा. टाक्वामेननचं पाणी काढ्याच्या रंगाचं असतं, देवदारी दलदलींतलं टॅनिन उतरल्यामुळे.

अस्वलं काळी, माणसाला बुजणारी. मेतकूट खुशाल खा, फक्त डबे, भांडी, कचरा आणि टूथपेस्टसुद्धा रात्री गाडीत बंद. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको.

घरून लाकडं नेऊ नका. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेल्या एमराल्ड अ‍ॅश बोररने अ‍ॅशची झाडं साफ केली, आणि तो कीडा जळाऊ लाकडातूनच दूरवर पोचतो. जिथे जाळायची तिथेच घ्या. अजून एक: राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास पिक्चर्ड रॉक्स आणि स्लीपिंग बेअरला चालतो, टाक्वामेननला नाही. ते स्टेट पार्क आहे, परराज्यातल्या गाडीला वेगळे पैसे पडतात.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार! हरिकेन रिव्हरला सलग दोन रात्री मिळाल्या, लगेच घेऊन टाकल्या. पोर्कीज गेलं, नवरा घुश्शात आहे, पण तराफ्याचं वाचून जरा निवळलाय. आता शेवटचं: म्युनिसिंगहून निघणारी कड्यांची बोटफेरी सकाळची घ्यावी की संध्याकाळची? त्या खडकांचे रंग कोणत्या उन्हात खुलतात?

प्रतिसाद १

संध्याकाळची. कडे वायव्येकडे तोंड करून आहेत, सकाळी सावलीतच असतात. जाकीट न्या.