भाड्याच्या घरातलं स्वयंपाकघर दिवाळीत कसं सजवू?

रानजाई:
भाड्याचं घर, स्वयंपाकघर जेमतेम आठ बाय सहा. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, पांढऱ्या टाइल्स, सिंकवर खिडकी. खिळा ठोकायला घरमालकांची सक्त मनाई. यंदा सासूबाई येणार, फराळ घरीच, म्हणजे सगळ्यांचा मुक्काम ओट्यापाशी! स्वस्तात काय करता येईल?

कडबोळी:
आधी तळण उरका, मग सजवा. चकल्या-शंकरपाळ्यांच्या तळणाची वाफ कागदी झिरमिळ्यांवर बसली की त्या मेणचट होतात, वर धूळ धरतात. पुसता येत नाहीत की धुता येत नाहीत. त्यापेक्षा घरात पितळेचं काय काय आहे ते काढा. तपेली, गडवा, जुना डबा, काहीही. चिंच-मीठ लावून घासा आणि धुतल्या धुतल्या कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर पाण्याचे डाग उमटतात. खिडकीच्या कट्ट्यावर मांडून गडव्यात झेंडू खोचा. माझ्या मते अर्धी सजावट इथेच झाली. (सासूबाईंना घासलेलं पितळ दिसणार, हा वरचा फायदा.)

ठिपका:
ओट्यावर रांगोळीची पूड नको, अन्नात जाते. तांदळाच्या पिठाला मुंग्या येतात. पांढरा खडू पाण्यात बुडवून ओट्याच्या मागच्या कडेला वेल काढा, एका कोपऱ्यात लक्ष्मीची पावलं. ओली असताना फिकट दिसते, घाबरू नका. वाळली की काळ्या दगडावर छान उठते. ओलं फडकं फिरवलं की साफ.

रानजाई:
वा, खडूचं डोक्यातच आलं नव्हतं! आणि तोरण?

कडबोळी:
वरच्या कपाटांच्या मुठींना दोरा बांधून आंब्याची पानं नि झेंडू ओवा. गॅसच्या वरचं कपाट मात्र सोडा. पानं सुकून वळतात, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ताजी लावा.

बिनतारी:
प्लास्टिकच्या झेंडूची माळ घ्या की. धुता येते, दरवर्षी चालते.

ठिपका:
अहो, शेगडीजवळ आंच लागली की वितळते ती. हॉलमध्ये लावा.

बिनतारी:
बरं, मग दिव्यांची माळ तरी बॅटरीवरची घ्या, सिंकपाशी वायर नको. फ्रिजच्या दारावर लोहचुंबकांनी धरून ठेवता येते, चिकटपट्टीही लागत नाही.

रानजाई:
ठरलं. पणत्या खिडकीत ठेवल्या तर?

कडबोळी:
पडदा काढणार असाल तरच.