लीगचे नियम छापायला जायच्या आधी (पाथर्डी फाटा, क्रिकेट ग्रुप)

निलेश, बी-४०२: नियमांत 'शिवीगाळ चालणार नाही' एवढीच ओळ आहे. 'चिंकी', 'काळ्या', 'भय्या' म्हटलं की लोक विचारणार, शिवी कुठे दिली? यंदा मणिपूर, बिहारची मुलं खेळतायत. रंग, चेहरा, जात, धर्म, प्रांत यावरून टोमणा नाही, असं स्पष्ट लिहा.

सुनंदाकाकू: आधी माइकवाल्याला आवरा. 'नेपाळी आला स्ट्राइकला' हे कॉमेंट्रीत येतंच, आणि मग पोरंही तेच ओरडतात. स्कोअररने त्याला नावांची यादी द्यावी. टी-शर्टवर आणि अ‍ॅपवर खेळाडूने स्वतः फॉर्ममध्ये लिहिलेलंच नाव हवं. कॅप्टन नावं भरतो तिथूनच टोपणनावं घुसतात.
आणि वॉचमनची, हाउसकीपिंगची पोरं टीममध्ये आहेत, त्यांना पाणी वेगळं ठेवू नका. दलित समाजातले फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर यांना पुण्यात पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनीच शंभरावर विकेट काढल्या!

रमेशकाका: सगळं मान्य. पण टोमण्यावरून मॅच थांबवली तर टर्फचा स्लॉट जातो, भाडं कोण भरणार?

निलेश: काका, स्लॉटमागे ५ मिनिटं राखीव ठेवू. जानेवारी २०२१ ला सिडनी टेस्टमध्ये प्रेक्षकांनी वर्णद्वेषी टोमणे मारले, तेव्हा सिराजने कॅप्टन रहाणेला सांगितलं, रहाणेने अंपायरना. खेळ थोडा वेळ थांबला, ६ प्रेक्षक बाहेर काढले, मॅच पुढे सुरू.
आपल्याकडे अंपायरच्या कानावर पडलं की त्यानेच थांबवायचं, खेळाडूच्या तक्रारीची वाट बघायची नाही. पहिल्यांदा समोरच्या टीमला ५ पेनल्टी रन. ६ ओव्हरच्या मॅचमध्ये ते जड जातात, मग कॅप्टनच पोरांना गप्प करतो. दुसऱ्यांदा तो खेळाडू मॅचमधून बाहेर, बदली मिळणार नाही. बदली दिली तर टीमचं काय बिघडतं?

रमेशकाका: आणि नेटबाहेरून कुणी ओरडलं तर?

निलेश: त्याचे रन टीमवर नकोत, भांडण पेटतं. व्हॉलंटियरने त्याला गेटबाहेर न्यायचं.

अ‍ॅड. मीनाताई: तक्रार दोघांनी ऐकायची, दोघंही कुठल्या टीमचे नकोत. ओव्हर, नेमके शब्द, कोणी ऐकलं हे त्याच दिवशी लिहून घ्या. या ग्रुपवर चर्चा नको. सगळ्यांसमोर 'हात मिळवा, विषय संपला' तर अजिबात नको, त्यात ज्याला बोललं गेलं तोच अवघडतो. अनुसूचित जाती-जमातीच्या कुणाला लोकांसमोर जातीवरून बोललं गेलं तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू शकतो. तिथे कमिटीने मिटवायला दबाव आणू नये.

रमेशकाका: ठीक. शनिवारी ७ वाजता क्लबहाउसमध्ये अंपायर, स्कोअरर. माइकवाल्यालाही बोलवा.