काकूचं ऑपरेशन आणि पुढचा दात

नितीनकाका: गुरुवारी हिचं पित्ताशयाचं ऑपरेशन, पूर्ण भूल देणारेत. सही करायच्या फॉर्मवर लिहिलंय दातांना इजा होऊ शकते. पोटाच्या ऑपरेशनचा दाताशी काय संबंध??

मेघना: आहे काका, रोज हेच काम करते मी 😀 झोप लागल्यावर श्वासाची नळी घालतात, तेव्हा लॅरिंगोस्कोपच्या (घशात बघायचं उपकरण) पात्याने जीभ उचलून धरावी लागते आणि तोंड कमी उघडत असेल किंवा मान मागे जात नसेल तर ते पातं वरच्या पुढच्या दातांवर टेकतं. धडधाकट दाताला सहसा काही होत नाही. साधारण ४५०० पेशंटमागे एकाचा दात दुखावतो, पण काकूच्या पुढच्या दाताला कॅप आहे ना?

शुभाआत्या: आहे, आणि शेजारचा हलतोय पण. वहिनीच म्हणाली होती मला. दादा डॉक्टरांना सांगितलंस का

नितीनकाका: त्यांनी बीपी शुगर विचारलं, दाताचं कुठे विचारलं

मेघना: नाही विचारलं तरी आपण सांगायचं, आणि ते भूलतज्ज्ञांना, सर्जनचं लक्ष पोटाकडे असतं. आधी डेंटिस्टला दाखवा, फारच सैल असेल तर काढून टाकतात नाहीतर शेजारच्या दातांना बांधून पक्का करतात. माहीत असलं की आम्ही कॅमेरावाला व्हिडिओ लॅरिंगोस्कोप घेतो, जोर कमी लागतो. दात निसटून श्वासनलिकेत गेला तर मोठी भानगड, एक्सरे काढून शोधत बसायचं

रोहन: मग बॉक्सिंगवाले घालतात तसं माउथगार्ड?

मेघना: वापरतात कधी कधी, पण तोंडात जागाच उरत नाही मग नळी घालणं अवघड. आणि सगळे दात नळी घालतानाच तुटतात असं नाही रे, शुद्धीवर येताना पेशंट करकचून चावतो, तेव्हा पुढच्या दातात नळी सापडली की गेला दात. म्हणून आम्ही गॉजची गुंडाळी दाढांमध्ये ठेवतो, जोर दाढांनी सोसायचा

शुभाआत्या: आणि कवळी? मी तर सगळ्यांसमोर काढणार नाही बाई

मेघना: ऑपरेशन थिएटरच्या दारात काढ, पण काढायचीच. नाव लिहिलेल्या डबीत घालून घरच्यांकडे दे, टिश्यूत गुंडाळलीस तर कचऱ्यात जाते. मास्क नीट बसावा म्हणून कधी भूलतज्ज्ञ स्वतःच सांगतात झोप लागेपर्यंत राहू दे, तेव्हाच ठेवायची

नितीनकाका: डेंटिस्टची उद्या सकाळची वेळ मिळाली. ही विचारतेय कॅप निघाली तर खर्च कोणाचा

मेघना: ते सहीच्या आधी विचारून घ्या. आणि आजच दातांचा फोटो काढून ठेवा, आधी काय होतं यावरून नंतर वाद नको