९.००-२० वरची बस कॅम्पर केली, आता टायर कुठला? माझं मत: साईज बदलू नका

घाटवाट
जुन्या स्टाफ बसच्या सीटा काढून आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली की उद्यमनगरातल्या गॅरेजांत सल्ला ठरलेला: “९.०० काढा, १०.००आर२० टाका, गाडी दमदार दिसते.” (९.०० ही टायरची इंचातली रुंदी, २० हा डिस्कचा म्हणजे टायर बसतो त्या लोखंडी चाकाचा व्यास, ‘आर’ म्हणजे रेडियल.) मला हे अजिबात पटत नाही. मूळ गाडी ९.००-२० वर असेल तर जुने नायलॉनचे टायर काढून त्याच मापाचे ९.००आर२० रेडियल टाका, बस्स.

१०.०० चा टायर ९.०० पेक्षा साधारण ३५ मिलिमीटर जास्त उंच आणि २० मिलिमीटर जास्त रुंद असतो. फटका बसतो मागे प्रत्येक बाजूला शेजारी-शेजारी असलेल्या दोन टायरांच्या जोडीला. डिस्क जुन्याच ठेवल्या तर दोन टायरांच्या पोटांमधली फट तेवढ्या २० मिलिमीटरने कमी होते. रिकाम्या गाडीत ती दिसते. गाडी भरली की पोटं फुगतात आणि एकमेकांना घासतात. घासलं की तापतं, तापलं की आतला टायर फुटतो, आणि तो बाहेरून दिसतही नाही. शिवाय ९.०० ची डिस्क ७.० इंच रुंद, १०.०० ला ७.५ लागते. स्पीडोमीटरचा काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६२ वर असेल, आणि करूळ घाट चढताना ओढ तेवढीच कमी.

उद्यमनगरी
डिस्कचं बरोबर बोललात, पण साडेतीन टक्के उंचीचा एवढा बाऊ नको. खरा प्रश्न भाराचा आहे. ९.००आर२० वर १४४/१४२ (भारक्षमतेचे सांकेतिक आकडे) लिहिलेलं असेल तर एकेरी टायर २८०० किलो आणि जोडीतला २६५० किलो उचलतो. म्हणजे पुढच्या ॲक्सलला ५६०० किलोच्या वर टायरच पुरत नाही. १०.००आर२० चा १४६/१४३ घेतला तर पुढे ६०००, मागे १०,९००.

माझा आग्रह मात्र थेट २९५/८०आर२२.५ ट्यूबलेसचा (२९५ मिलिमीटर रुंद, २२.५ इंची डिस्कचा). १५२/१४८ म्हणजे पुढे ७१०० किलो, मागे १२,६००. उंचीत ९.०० पेक्षा जेमतेम २५ मिलिमीटरचा फरक. ट्यूब नाही, ट्यूबखालची रबरी पट्टी म्हणजे फ्लॅप नाही, आणि मुख्य म्हणजे टायर डिस्कवर अडकवून ठेवणारी लॉक रिंग नाही. रिंग नीट न बसता हवा भरली तर ती सुटून माणसाचा जीव घेते. ट्यूबमध्ये खिळा घुसला तर ती भसकन बसते, ट्यूबलेसची हवा बहुतेक वेळा हळू उतरते. घरची माणसं घेऊन फिरायच्या गाडीत ह्या फरकाला किंमत आहे.

घाटवाट
टायर ७१०० उचलतो म्हणून ॲक्सल उचलत नाही. पाटे (स्प्रिंगा), हब, ब्रेक जुनेच आहेत. मर्यादा आरसीवरच्या वजनाची. आणि २२.५ म्हणजे स्टेपनी धरून सातही डिस्क नव्या. पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास), मधलं भोक, नटाची बैठक कोनाची की सपाट, हे सगळं जुळायला हवं. बैठक चुकली तर नट कितीही आवळा, ढिले होणारच. ऑफसेट (डिस्क हबपासून किती आत-बाहेर बसते ते) चुकला तर आतला टायर पाट्याला लागतो, नाहीतर बाहेरचा मडगार्डच्या बाहेर येतो.

काट्यावरचा
दोघंही वजन अंदाजाने धरताय. आधी गाडी वजनकाट्यावर न्या. पाणी, डिझेल, गॅस भरलेलं, बॅटऱ्या जागेवर, माणसं आत. आधी फक्त पुढची चाकं घ्या, मग फक्त मागची. काटेवाल्याने चढू दिलं तर डावी-उजवी बाजूही वेगळी तोला, कारण टाकी आणि बॅटऱ्या एकाच बाजूला असतील तर ॲक्सलचा आकडा ठीक दिसतो आणि एक चाक जास्त भार घेत असतं.

टाकी कुठे आहे हेही बघा. ५.३ मीटर व्हीलबेसच्या बसमध्ये ४०० लिटरची टाकी मागच्या ॲक्सलच्या २ मीटर मागे टांगली तर मागे ४०० नव्हे, सुमारे ५५० किलो वाढतात आणि पुढचे १५० कमी होतात. स्टिअरिंग हलकं लागतं ते ह्यामुळे. अशा गाडीला टायर मोठा करून काय उपयोग? टाकी पुढे घ्या. सर्वांत जड चाकाच्या वजनावर निदान १० टक्के राखून टायर निवडा. ९.०० त्यात बसत असेल तर ९.०० च घ्या.

आणि कॅम्परचा टायर झिजून नाही, उभ्या उभ्या म्हातारा होऊन मरतो. साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३५२४ म्हणजे २०२४ चा ३५ वा आठवडा. स्वस्तात मिळतोय म्हणून तीन वर्षं दुकानात पडलेला माल उचलू नका, नक्षी कितीही कोरी दिसू दे.

उद्यमनगरी
टाकीचं मान्य, ॲक्सलचंही मान्य. ट्यूबलेसवर मी ठाम आहे, पण उंची बदलायचीच नसेल तर २२.५ मध्ये ९.०० च्या उंचीला जुळतो तो १०आर२२.५. दुकानात हुडकावा लागेल; २९५/८० सहज मिळतो.

साईज कुठलीही घ्या, सातही टायरांचे पैसे मोजण्याआधी एकाच डिस्कवर चढवून बघा. टायरच्या खांद्याला आणि पोटाला ओला खडू चोळा. गाडी भरलेली ठेवा, पुढे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, मागे एका बाजूची चाकं जाड फळीवर चढवा. मग खाली वाकून पाटा, ब्रेकचा पाइप, मडगार्डची आतली कड बघा. जिथे पांढरं लागलंय तिथे रस्त्यावर रबर लागणार.