ऐजॉलला बहिणीची नोकरी, तिकडे एचआयव्ही एवढा का?

नाशिककर_मीनल: धाकट्या बहिणीला ऐजॉलच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली आहे. मिझोराममध्ये प्रौढांत एचआयव्हीचं प्रमाण 2.7 टक्क्यांच्या आसपास, देशात सर्वाधिक, असं वाचल्यापासून आईने जेवण सोडायचंच बाकी ठेवलंय. तिकडेच एवढं का? तिला धोका किती?

सांगलीचा_बापू: ताई, मी चार वर्षं इंफाळात एका संस्थेत सुया वाटायचं काम केलं, म्हणून लिहितो. आमच्या सांगलीकडे हा आजार शरीरसंबंधांतून आणि ट्रकच्या रस्त्याने पसरला. तिकडे सुईने. म्यानमारच्या तामूतून मोरेमार्गे 'नंबर फोर' हेरॉइन यायचं. 1989 मध्ये मणिपुरात सुई घेणाऱ्यांत बाधित जवळपास सापडत नव्हते, सहा महिन्यांत निम्मे बाधित निघाले!

जुने लोक सांगायचे, सिरिंज मिळायची नाही, तेव्हा शाईच्या ड्रॉपरला सुई बसवून तोच चौघांत फिरायचा. टोचल्यावर आधी रक्त आत ओढतात, मग ढकलतात, आणि सगळ्यांची सुई धुवायला पाण्याची वाटी एकच. खिशात सिरिंज सापडली की मार खावा लागे, त्यामुळे कुणी स्वतःची जवळ ठेवत नसे. म्हणजे धाक दाखवून रोगच वाढवला, असं माझं मत.

पुढे पोटाच्या पेटक्यांवरच्या निळ्या कॅप्सूल टोचायचं खूळ मिझोराम-मणिपुरात आलं. ती पावडर पाण्यात नीट विरघळत नाही. शिरा बंद, गळवं. एकाच्या मांडीतला खड्डा मी रोज धुवायचो, त्यात माझा अंगठा मावला असता.

डोंबिवलीचा_अभि: सुया फुकट वाटल्या की व्यसन वाढत नाही का?

सांगलीचा_बापू: मीही पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं. आम्ही नव्या देताना जुन्या डब्यात मोजून घ्यायचो. त्या निमित्ताने पोरं रोज येत, त्यातलीच काही ब्युप्रेनॉर्फिनला, म्हणजे हेरॉइनऐवजी द्यायच्या गोळीला, तयार होत. गोळी जिभेखाली विरघळेपर्यंत समोर बसवायचं, मग 'जीभ वर कर'. मणिपूरच्या 1996 च्या राज्य एड्स धोरणातच सुया वाटणं स्वीकारलं होतं.

मिझोराममध्ये आता बहुतेक लागण शरीरसंबंधांतूनच होते, सुईचा वाटा मात्र अजूनही मोठा आहे. मीनलताई, बहिणीला सांगा, वापरलेल्या सुईला टोपण लावू नकोस. बाधिताची सुई टोचली तरी लागण हजारात तिघांना. साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांत सुरू करून 28 दिवस घ्यायचं.

नाशिककर_मीनल: तिला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, टोपणाचं पहिल्याच वर्षी शिकवतात. आईला मात्र मांडीतला खड्डा सांगू नकोस.